माझ्या नावाची रिकामी खुर्ची

३ फेब्रुवारी

मी जिवंत आहे. दोन्ही डोळ्यांनी दिसतं, दोन्ही पायांनी चालते, जिना चढताना फक्त कठड्याला शिव्या देते. असं असताना माझ्या नावाची रिकामी खुर्ची मांडायची गरज काय पडली? बरं, मांडलीस ती मांडलीस. तिच्यापुढे उभं राहून वीस मिनिटं ओरडलीस, आणि वर मला पत्राने कळवतेस की त्यानंतर तुला हलकं वाटलं! मला नाही वाटलं. ओरडायचं होतं तर इथे यायचं होतंस. मी खुर्चीपेक्षा बरं उत्तर दिलं असतं.

टिटवे, आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. कळलं तेवढं सांगते, चुकलं तर दुरुस्त कर. तू साहेबलोकांची कोच. साहेब बोलतो, तू प्रश्न विचारतेस, सल्ला द्यायचा नाही असा तुमच्यात नियम. महिन्यातून एकदा तू तुझ्यावर देखरेख करणाऱ्या बाईंकडे जातेस. तिथे तू बोलतेस, त्या प्रश्न विचारतात, सल्ला त्याही देत नाहीत. म्हणजे मुकादमावर मुकादमीण, आणि काम कुणाच्याच हातात नाही.

तुझी मुकादमीण म्हणते, प्रत्येकाच्या पोटात तिघं राहतात: एक आईबाप, एक मोठं माणूस, एक लेकरू. आणि तुझ्या पोटातल्या आईबापाच्या खोलीत मी ठाण मांडून बसले आहे. आणखी म्हणते, लहानपणी ज्याने जवळ घेतलं नाही त्याचा चेहरा माणूस मोठेपणी प्रत्येक साहेबात शोधतं. जवळ घेतलं नाही, हे खरं आहे. माझ्या हातात सदा गरम चादरी असायच्या. तुझी आई परगावी नोकरीला, शाळा सुटली की तू माझ्याकडे लाँड्रीत. तुला वेळच्या वेळी खायला मिळालं, तुझ्या डोक्यात ऊ झाली नाही, पाढे पाठ झाले. याला तुमच्या पुस्तकात काय म्हणतात ते बघ.

देखरेख मीही केली. सव्वीस वर्षं, हॉस्पिटलच्या लाँड्रीत, इस्त्रीच्या रोलरवरच्या नऊ बायकांवर. मी मागे उभी राहायची. चादर तिरकी गेली की सांगायची, तिरकी गेली. "चादर तिरकी जाताना तुला काय वाटलं ग?" असं मी कुणाला विचारलं असतं तर त्या नऊजणींनी मला घडी करून कपाटात ठेवलं असतं.

आता मुख्य आरोप. मी म्हणे तुला गप्प केलं. तुझं नाव टिटवी कुणी ठेवलं? मीच. तू तोंड मिटायची नाहीस म्हणून. नऊ वर्षांची झालीस आणि आपोआप शहाणी झालीस. मुली होतात. त्यात माझा हात नाही.

तुझं अक्षर बिघडलंय. ओळी खाली उतरल्यात. माणूस खुर्चीवर ओरडतं तेव्हा राग कुणा भलत्याचाच असतो, हे समजायला मला बाई लागत नाही. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, तसलं काहीतरी चाललंय तुझं. रेडा कोण ते लिही. खुर्चीचं राहू दे.

तुझी आजी

———

१२ फेब्रुवारी

आजी,

बरोबर ओळखलंस. लिहिते.

एका कारखान्याचा साहेब माझ्याकडे येतो. तिथे पत्र्याची झाकणं बनतात. चौथ्या बैठकीत तो म्हणाला, तीन नंबरच्या प्रेसची जाळी काढून ठेवली आहे. हात आत जाऊ नये म्हणून असते ती. जाळी असली की काम हळू होतं, माल वेळेत जात नाही. जाळी भिंतीला टेकवून ठेवली आहे, म्हणाला, आणि तेव्हापासून मला जेवण जात नाही.

मी सतरा सेकंद गप्प बसले. मग विचारलं, "हे सांगताना तुमच्या मनात काय येतं?"

तो रडला. लहानपणचं काही बोलला, वडिलांचं. जाताना म्हणाला, किती दिवसांनी मोकळं वाटलं. मी वहीत लिहिलं: बैठक चांगली झाली.

आमच्यात बैठकीचं रेकॉर्डिंग देखरेखीच्या बाईंना ऐकवायचं असतं, साहेबाची त्याला सही असते. बाईंनी नेमकं त्या सतरा सेकंदांवर थांबवलं. त्या फार हुशार आहेत, आजी. त्यांचा एक सिद्धांत आहे: कोच आणि साहेब यांच्यात जे घडतं, तेच पुन्हा कोच आणि देखरेख करणारी यांच्यात घडतं, जणू एका खोलीतलं दुखणं पुढच्या खोलीत चालत येतं. त्या म्हणाल्या, "ही शांतता तुझी नाही वाटत. कुणापुढे अशी गप्प बसायचीस तू?" माझ्या तोंडून निघालं, आजीपुढे. त्यांनी खुर्ची ओढली. पुढचं तुला माहीत आहे.

त्यानंतर नऊ दिवसांनी तीन नंबरच्या प्रेसवर एका बाईच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. पस्तिशीची आहे, दोन मुलं आहेत.

बाईंचा सिद्धांत खरा निघाला, फक्त त्यांना वाटला तसा नाही. साहेबाने मला सांगितलं, मी त्याला प्रश्न विचारला. मी बाईंना ऐकवलं, बाईंनी मला प्रश्न विचारला. दोन खोल्यांमध्ये आम्ही तिघं एकमेकांच्या मनात काय हललं ते बघत होतो, आणि जाळी भिंतीला टेकलेलीच होती.

आता चौकशी आहे, अकरा मार्चला. साहेबाने लिहून दिलंय की जाळी जागेवर होती, त्या बाईनेच घाईत काढली. मला काम देणारी कंपनी म्हणते, खोलीतलं खोलीत राहायला हवं. पण पहिल्या दिवशी मी आणि साहेबाने सही केलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलंय: कुणाच्या जिवाला धोका दिसला तर हे बंधन नाही. म्हणजे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. आता बोलले तर पहिला प्रश्न हाच येईल की तेव्हा का नाही बोललात. या धंद्यात मला पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. नाही बोलले तर त्या बाईच्या माथी तिचीच बोटं.

काल बाईंना विचारलं, काय करू? त्या म्हणाल्या, "तुला काय करावंसं वाटतं?"

आजी, मला प्रश्न नकोत. तू सांग. तू नेहमी सांगायचीस.

टिटवी

———

१७ फेब्रुवारी

टिटवे,

उत्तर मागितलंस, देते. गप्प बस.

रेकॉर्डिंग पुसून टाक. वहीतलं पान फाड. त्या साहेबाचं नाव तोंडातून काढू नकोस. बोटं गेली ती गेली, तुझ्या बोलण्याने कोंब फुटून परत येणार नाहीत. त्या बाईला दुसरं काहीतरी काम मिळेल, बायकांना मिळतं. तुला मात्र मिळणार नाही. तू बोलून पोट भरणारी, आणि बोलणाऱ्याचं तोंड एकदा बदनाम झालं की त्याला पाणीसुद्धा कुणी विचारत नाही.

चौकशीवाले फार भले नसतात. त्यांना कागद पुरा करून घरी जायचं असतं. विचारलंच तर एवढंच म्हणायचं: आपण काही पाहिलं नाही, आपल्याला कुणी काही सांगितलं नाही. हळू आवाजात, समोरच्याच्या कपाळाकडे बघून. डोळ्यांत बघायचं नाही, डोळे प्रश्न विचारतात.

झाकली मूठ सव्वा लाखाची. विषय संपला.

थंडी आहे. गळ्याला काहीतरी गुंडाळत जा. इथे जिन्यातला दिवा गेला तो गेलाच, वरच्या मजल्यावरचा शहाणा म्हणतो तुमची पाळी.

आजी

———

२० फेब्रुवारी

तिला मूठ झाकता येत नाही आता, आजी. मूठ करायला बोटं लागतात.

तुझं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं. "आपण काही पाहिलं नाही, आपल्याला कुणी काही सांगितलं नाही." इथपर्यंत आले आणि खाली बसले. हे वाक्य मला पाठ होतं. कपाळाकडे बघायचं हेसुद्धा. मी आजवर प्रत्येक साहेबाच्या कपाळाकडेच बघत आले. बाईंनी मागे एकदा विचारलं होतं, असं का बघतेस. मी म्हणाले, सवय.

आता सगळं आठवलं. तुझ्या लाँड्रीतल्या रोलरपुढे एक आडवी लोखंडी दांडी होती. तिला पोट लागलं की रोलर थांबायचा. येता जाता अडवते म्हणून तुम्ही सगळ्या तिला सासू म्हणायचात. ऑपरेशनच्या चादरी खोळंबल्या होत्या, वरून निरोपावर निरोप येत होते. तू म्हणालीस, "कात्री दे ग." मी दिली. तू बँडेजची पट्टी कापून सासूला करकचून बांधलीस, हलू नये म्हणून. सगळ्या हसल्या. कुणीतरी म्हणालं, "आज सासूबाईंची बोलती बंद." मीही हसले.

मग ती ओरडली. घडी घालताना मला चादरीचं एक टोक धरायला द्यायची ती, नाक टोकदार होतं ती. तिचा उजवा हात रोलरखाली होता, कातडी जळल्याचा वास आला. सगळ्या धावल्या. मी दारात उभी होते. तू कात्री घेतलीस. आधी पट्टी कापलीस, खिशात घातलीस. मग तिच्याकडे गेलीस.

संध्याकाळी मला नवी पेन्सिल दिलीस आणि ते वाक्य शिकवलंस. तीनदा म्हणायला लावलंस. पाढ्यांसारखं.

मी आपोआप शहाणी झाले नाही, आजी.

खुर्चीपुढे मी ओरडले तेव्हा बाईंनी विचारलं होतं, नक्की कशाचा राग येतोय? मी म्हणाले, ती मला कधी जवळ घ्यायची नाही याचा. त्यांना ते पटलं. मलाही पटलं. पुस्तकात बसत होतं.

तेव्हाच्या चौकशीत तू काय सांगितलंस? तिचं पुढे काय झालं? एवढं लिही. सल्ला नको.

———

४ मार्च

टिटवे,

बारा दिवस लावले. आजारी नव्हते. फिरत होते.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे, एक सोडून. पट्टी आधी कापली ती रोलर थांबवायला. बांधलेल्या दांडीवर कितीही आपटलं तरी रोलर थांबत नव्हता. हे तुला कळायला हवं, म्हणून लिहिते. खिशात घातली ती मात्र रोलर थांबवायला नाही.

चौकशीत मी सांगितलं, दांडी मोकळी होती, तिनेच वरून हात घातला, तिचं लक्ष नसायचं. माझ्यासारख्या चौथी पास बाईचं लिहून घेतलं आणि खाली माझी सही. तिला घरी बसवलं. मला पुढे चौदा वर्षं मुकादम ठेवलं. उजवा हात गेल्यावर ती सगळं डाव्या हाताने करायला लागली, म्हणून बायका तिला डावखुरी म्हणायला लागल्या. मीसुद्धा म्हणायची. जन्माची उजवी होती ती.

तुझा साहेब रडला म्हणतेस. मीही रडले होते, त्या दिवशी, मोरीत नळ सोडून. हलकं वाटतं, ते तुमच्या बाईंचं खरं आहे. हलकं वाटलं म्हणूनच पुढची चौदा वर्षं निभली. जड वाटलं असतं तर कुठेतरी जाऊन बोलले असते.

डावखुरी माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहते. इतकी वर्षं मी दळण उलट्या रस्त्याने आणलं. तुझं पत्र आल्यावर सहा दिवस तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. सातव्या दिवशी आत गेले. तिचं दुकान आहे, बॅगांच्या चेनी दुरुस्त करते. शिलाईचं मशीन भिंतीकडून उलटं वळवून घेतलंय, डाव्या हाताला सोपं जावं म्हणून. नाक तसंच आहे.

मला बघून म्हणाली, "लाँड्री तर केव्हाच बंद झाली. एखादी चादर हरवली का?"

मी म्हणाले, "दांडी मी बांधली होती."

ती एका बॅगेची चेन वरखाली ओढून बघत होती. ओढतच राहिली. म्हणाली, "ही काय बातमी आहे?"

"तुला माहीत होतं?"

"माझं पोट दांडीला लागलं होतं, बाई. दांडी हलली नाही. दांडी मोकळी होती का बांधलेली, हे मला दुसऱ्या कुणी सांगायचं?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. लिहिणारा म्हणाला, तुमच्या मुकादम वेगळं सांगतात. तुझी सही होती. मला सही करायला हात नव्हता."

मी दुकानाच्या पायरीवर बसले.

मग ती म्हणाली, "माफी मागायला आली असशील तर ती मागू नकोस. माझ्याकडे नाही. तुझा राग मी पहिल्या दोन वर्षांत संपवला, पुढे दुकान बघायचं होतं. पण ती पोर दारात उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. दर वर्षी वाटायचं, आता मोठी झाली असेल, येईल. ती काय करते हल्ली?"

मी म्हणाले, "लोकांना प्रश्न विचारते."

ती हसली ग. इतकी हसली की तिला चेन बाजूला ठेवावी लागली.

मग तिला तुझ्या कारखान्याचं सांगितलं, प्रेसचं, बोटांचं. तेव्हा हसू थांबलं. मागच्या फळीवरून एक वही काढून माझ्यापुढे आपटली. म्हणाली, "लिही. तेव्हा तोंडाने सांगितलंस, आता हाताने लिही." मी लिहिलं. कुणी बांधली, कशाने बांधली, पट्टीचं काय केलं. एक पान झालं. खाली सही केली. त्याखाली तिने तिचं नाव घातलं, डाव्या हाताने. अक्षर माझ्यापेक्षा सुरेख आहे.

ते पान घेऊन मी हॉस्पिटलात गेले. खिडकीवरचा कारकून तेव्हा जन्मलाही नसेल. त्याने तीनदा वाचलं आणि म्हणाला, "आजी, हे मी कुठल्या फाइलला लावू? तो विभागच नाही आता." मी म्हणाले, "तू कशालाही लाव. पण शिक्का मारून दे." त्याने मारला. जगात आता माझ्या खरेपणाचा पुरावा एवढाच: एका गोल शिक्क्याखाली तारीख, तीही पुसट. नक्कल सोबत पाठवली आहे.

तुला सतरा तारखेला जे लिहिलं ते मी विचार करून लिहिलं नव्हतं. हात सवयीने खिशात जातो तसं लिहिलं गेलं. त्याची मला लाज वाटते असं लिहायला बसले होते, पण लाज वाटून त्या प्रेसवरच्या बाईचं काही होत नाही. तेव्हा कामाचं लिहिते.

अकरा तारखेला तू जायचंस. रेकॉर्डिंग घेऊन, दोघांच्या सहीचा तो कागद घेऊन. ते विचारतील, तेव्हा का नाही बोललात. तेव्हा डोळ्यांत बघून सांगायचं: चुकले. खुर्ची, आजी, लहानपण यातलं काही तिथे काढायचं नाही. ते खरं आहे, पण ती सबब आहे. खरी सबब सगळ्यात वाईट, कारण ती पटते. मला एकोणतीस वर्षं पटली.

तुझा धंदा जाईल. जाऊ दे असं मी म्हणणार नाही, जाणं वाईटच. ये इकडे. जिन्यातला दिवा अजून लागलेला नाही, सांभाळून चढ.

तुझ्या बाईंना माझा निरोप सांग. त्यांनी ओळखलं ते बरोबर होतं, खुर्ची माझीच होती. त्यांची विद्या खोटी नाही. पण सतरा सेकंदांच्या आधी त्या साहेबाने जे वाक्य म्हटलं, ते त्यांनीही ऐकलं होतं. नऊ दिवस त्यांच्याही हातात होते. तेव्हा आता एक खुर्ची त्यांनी स्वतःच्या नावाची मांडावी, आणि तिच्यावर स्वतःच बसावं. आणि अकराला तुझ्याबरोबर यावं.

आशीर्वाद उरले आहेत. ते तुला नंतर. आधी ते त्या प्रेसवरच्या बाईला लागतील.

या पत्राला तू उत्तर द्यायचं नाहीस. चौकशी झाली की तिच्याकडे जा, माझा पत्ता दे, डावखुरीच्या दुकानाचाही दे. तू तिथे काय बोललीस ते मला तिने लिहायचं, तुझ्याकडून मला ऐकायचं नाही. सावकाश लिही म्हणावं, डाव्या हाताचं अक्षर मला वाचता येतं. तिचं पत्र येईपर्यंत तुझं एकही मी उघडणार नाही.

आजी